चक्रीफुलाऐवजी

सूप साफ बिघडलं आणि चौघांच्याही डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. पण ते राहू दे. असं काही झालंच नाही असं समजा. दुपारचे बारा वाजलेत, सूप अजून व्हायचंय आणि चावीवाल्याला चक्रीफूल मिळत नाहीये.

"आठ दुकानं झाली," तो किराणावाल्या बाईंना म्हणाला. "कुठेच नाही."

"कसं असेल? एक वेडा तीन महिने रोज येऊन नेतोय. अख्ख्या भागातलं संपवलंन् त्याने. आता पुढचा माल महिन्याने."

"कोण हो हा?"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"अच्छा," चावीवाला म्हणाला.

इलाज नव्हता. तीन महिन्यांपूर्वी आईला ताप आला होता आणि जाताना तो तिच्या नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, तिच्या ओळखीचा एकच पदार्थ रोज त्याच वेळी द्या, एखाद दिवशी येईल परत. काहींना येतच नाही, हेही म्हणाले. पण ते दार लावता लावता. तेव्हापासून घरात रोज एक वाजता आईचंच गाजर-कांद्याचं सूप व्हायचं, चक्रीफूल घालून. आई वाटी संपवायची आणि म्हणायची, "छान झालंय."

हेच भयंकर होतं. या बाईने आयुष्यात दुसऱ्याच्या हातचं काही छान म्हटलं नव्हतं. फार खूश असली तर म्हणायची, "चालेल."

चावीवाला घरी आला तेव्हा ताई ओट्याशी उभी होती. ती बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधे गणवेशातच आली होती.

"बडीशेप घाल," ती म्हणाली. "वास साधारण तोच. आणि एक लवंग. एकच."

"आणि दिसायचं काय? ती वाटीत आधी चक्रीफूल शोधते."

हे खरं होतं. नाक गेल्यापासून आई सगळं डोळ्यांनी तपासायची.

चावीवाल्याचा आपल्या धंद्यावर विश्वास होता. मूळ किल्ली पितळेची असली तरी डुप्लिकेट लोखंडाची चालते. खाचा जुळल्या की कुलूप उघडतं. त्याने गाजराची एक चकती तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, पक्कडीत धरली आणि छोट्या कानशीने पाकळ्या काढायला घेतल्या. सातव्या पाकळीला चकती तुटली. दुसरीही तुटली. तिसरीला आठ जमल्या.

"चांदणी झालीये," ताई म्हणाली.

"लांबून बरोबर वाटतंय."

"लांबून खाणारेय का ती?"

खऱ्या चक्रीफुलाच्या प्रत्येक पाकळीत एक बी असतं. ताईची पाठ वळल्यावर त्याने प्रत्येक पाकळीत एकेक लवंग खोचली. अर्धवट काम त्याने कधी कोणाला दिलं नव्हतं.

एक वाजता बाबांसकट चौघं जेवायला बसली. आईने वाटीत डोकावून चांदणी बघितली, मान हलवली. पहिला चमचा घेतला.

"छान झा..."

ती थांबली. दुसरा चमचा घेतला. मग चमचा खाली ठेवला.

"लवंग कोणी घातली?"

बाबांचा घास तोंडातच राहिला.

"मी विचारतेय, लवंग कोणी घातली? आणि एक-दोन नाही, मूठभर! कोणीतरी दात काढून वाटीत ठेवल्यासारखा वास येतोय."

"आई," ताई पुढे वाकली, "वास येतोय?"

"न यायला काय झालं? रस्त्यापर्यंत गेला असेल. आणि हे काय, गाजर? जळकं?"

आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने वाटी दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरली. वाटीच्या वर फक्त डोळे दिसत होते.

"जळकं गाजर," ती वाटीतच म्हणाली.

"आई, अजून सांग ना," चावीवाला म्हणाला. "आणखी काय काय वाईट आहे?"

"मीठ कमी. कांदा कच्चा. आणि तुझ्या हातांना मशीनच्या तेलाचा वास येतोय. धुतले होतेस का रे?"

"नाही," चावीवाला हुंदका देत म्हणाला.

"गधड्या! आणि हे असलं तीन महिने मला पाजलंत? मी याला छान म्हणत होते?"

"रोज," ताई म्हणाली. तिने गणवेशाच्या बाहीने डोळे पुसले.

"मग याची तक्रार झाली पाहिजे. चांगली लेखी."

बाबा उठले. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. लेखी म्हटलं की त्यांना बसवत नसे. त्यांनी कागद आणला, दोनदा नाक पुसलं आणि सवयीने वर 'प्रति' लिहिलं. पुढे कोणाचं नाव घालावं ते सुचेना, म्हणून 'सक्षम अधिकारी' असं लिहिलं. मग एकही खाडाखोड न करता खाली उतरवलं:

"महोदय, कळविण्यात येते की माझ्या पत्नीस आजचे सूप अत्यंत वाईट लागले आहे. तरी तिला अशी तक्रार यापुढे रोज, दोन्ही वेळा, आम्ही उभयता हयात असेपर्यंत करता यावी, व त्यात एकही दिवस खंड पडू नये, ही नम्र विनंती."