भिंतीपाशी

१९७२ साली राहुरीजवळच्या एका पशुरोग प्रयोगशाळेत सरवरी शिकाऊ संशोधक होती. आजारी वासराच्या नाकातल्या पेशी तिने काचेवर पक्क्या करून रंगवल्या होत्या. पेशी कधीच्या मेलेल्या होत्या, तरी एका पेशीच्या केंद्रकातला ठिपका सरकत होता.

"मेलेल्या पेशीत काय हलणार गं?" तिचे गुरू रंगनाथ डेरे हसले. "नागीण रोगाच्या कुळातल्या विषाणूंचा पुंजका हा. एकेक विषाणू केंद्रकात घडतो, केंद्रकाच्या भिंतीपाशी येतो, तिचाच पापुद्रा पांघरून बाहेर पडतो. पण पेशी जिवंत असेल तरच."

ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. त्यांचं हसू विरलं.

"दिसलं, सर?"

ते तसेच वाकलेले राहिले. खिडकीबाहेर भर दुपारी उसाच्या गाड्या करकरत होत्या. सरवरीने घाबरून त्यांच्या खांद्याला हात लावला. खांदा काचेसारखा गार होता.

"सर, डोकं वर उचला!"

"कसं उचलू? इथं जागाच नाही."

त्यांचे ओठ हलले नव्हते. आवाज खालून, काचेवरून आला होता.

"सरवरी, भिंत हाताला लागतेय. ओली आहे. आणि मागून सगळे रेटतायत गं."