छोटं, विश्वासाचं नाव

“ओक-चिंचाळकर पंप्स, एवढं लांबलचक कोण टाइप करत बसणार?” ओक आपल्या भागीदाराला समजावत होते. “ईमेलसाठी डोमेन छोटं हवं, वाचताच विश्वास बसेल असं. ओकपंप्स. बास.”

पंप ज्यांच्या डोक्यातून निघाला होता त्या चिंचाळकरांनी नेहमीसारखी भिडेखातर मान डोलावली. घरी जेवायला बसल्यावर मात्र त्यांचा राग उफाळला.

“यापुढे माझा पत्ता श्रीधर ॲट ओकपंप्स. उभा जन्म त्या कारखान्यात घालवला आणि शेवटी मिरवायचं काय, तर दुसऱ्याचं नाव. तुला नाही कळायचं ते.”

भाजी वाढणारा उमाबाईंचा हात थांबला.

“लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘उमा’ लिहिलंत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मंदाकिनी फार लांब, तोंडात बसत नाही, म्हणाला होतात. भर मांडवात मीही मान डोलावली.”

चिंचाळकरांनी ताट पुढे सरकवलं.

“माझं नाव गेलं, आडनावही गेलं,” त्यांच्या पानात भाजी वाढत त्या म्हणाल्या. “तुमचं निदान ॲटच्या अलीकडे तरी शिल्लक आहे.”