केसभर जास्त

शनिवारी सकाळी साडेसात वाजता ईशानने काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचा डबा चंद्रशेखर यांच्या गराजमधल्या टेबलावर परत आणून ठेवला. गराजचं दार वर होतं, पंखा फुल स्पीडवर होता, तरी टेक्सासमधल्या शुगर लँडची हवा एव्हाना अंगाला चिकटू लागली होती.

"काका, ह्यात प्राइमर राहतच नाहीये," तो म्हणाला. "बसतो, पण पुंगळी उलटी केली की गळून पडतो."

चंद्रशेखरनी डबा स्वतःकडे ओढला. नवल वाटल्याचा चेहरा त्यांनी आठवडाभर तयार ठेवला होता. तो आता केला.

रेंजवर नेमबाजीसाठी दोघं सैन्याच्या वापरलेल्या पुंगळ्या विकत घेत आणि घरी पुन्हा भरत. सैन्याच्या काडतुसात बुडाचा प्राइमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, हलू नये म्हणून भोवतीचं पितळ दाबून आवळलेलं असतं. जुना प्राइमर ठोकून काढला तरी ती आवळलेली कड राहते. ती कटरने कापावी लागते. कमी कापली तर नवा प्राइमर आत जात नाही, केसभर जास्त कापली तर तो धरत नाही. दोघांच्याही पुंगळ्यांचं हे काम चंद्रशेखर करत. काकांसारखा हात कुणाचा नाही, असं ईशानच क्लबमध्ये सांगत फिरे.

तेच त्यांना सहन होत नसे. ग्रीन कार्ड आलं त्या आठवड्यात हा नागपूरचा मुलगा त्यांच्याकडे आला होता, रायफल खांद्याला कशी लावायची हेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळं त्यांनी शिकवलं. आता रेंजवर पोचलं की लोक आधी ईशानचं टार्गेट बघायला जात. वॉल्टर, क्लबचा कॅप्टन, सल्ला ईशानला विचारी आणि चंद्रशेखरना तब्येत विचारी. घरात त्यांची बायको मीनाक्षी त्याच्यासाठी डब्यात थालीपीठं भरून ठेवी आणि त्याच्या फालतू विनोदांना खळखळून हसे. रिफायनरीत पस्तीस वर्षं पाइपिंग इंजिनिअर असलेल्या माणसाने ह्या वयात कुणावर जळावं, ह्याची त्यांना लाज वाटे. जळणं थांबत नसे.

म्हणून ह्या वेळी ईशानच्या पुंगळ्यांवर त्यांनी कटर जरा जास्त दाबला. प्राइमर बसवतानाच त्याच्या लक्षात येईल, कुणाला इजा होणार नाही, फक्त उद्याच्या मॅचला त्याला दुकानातली काडतुसं वापरावी लागतील, आणि ती त्याच्या रायफलला कधीच मानवली नव्हती. पुढचं वाक्यही तयार होतं.

"लॉटच खराब दिसतोय," ते म्हणाले.

ईशानने घरात जाणारं दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "काका, प्लीज रागावू नका. तुम्हाला हल्ली दिसायला त्रास होतोय का?"

चंद्रशेखरनी डब्यावरची नजर उचलून त्याच्याकडे बघितलं.

"मी क्लबमध्ये कुणाला बोललेलो नाही. पण उद्या तुमच्याऐवजी टीममध्ये दुसरं कोणी घ्या, असं वॉल्टरला सुचवतो. आणि हे सगळं सामान काही दिवस माझ्याकडे नेतो. आधी डोळे दाखवून घ्या. मी येतो तुमच्यासोबत, रजा टाकतो."

लोटलेलं दार उघडलं. मीनाक्षी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी सांगून थकले," ती ईशानला म्हणाली. "परवा गाडी मेलबॉक्सला घासली."

"मेलबॉक्स वाकडा होता," चंद्रशेखर म्हणाले.

"तुमच्या गाडीनंच झाला ना वाकडा?"

ईशान हसला नाही. ते हसू त्याने त्यांच्यासाठी गिळलं, हे त्यांना दिसलं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. पोरगा नेमबाजीत पुढे गेला होता, आता चांगुलपणातही पुढे निघाला होता. त्याने कटरचा प्लग काढायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," चंद्रशेखर म्हणाले. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. आत्ता दाखवतो."

त्यांनी खालच्या खणातून स्वतःचा डबा काढला. ह्या पुंगळ्या त्यांनी ईशानच्या कापल्या त्याच संध्याकाळी, त्याच कटरने, जीव ओतून कापल्या होत्या. ह्या बरोबर निघाल्या की ईशान विचारणार, मग फक्त माझ्याच कशा बिघडल्या? तेव्हा खरं सांगावं लागेल. मीनाक्षीसमोर सांगावं लागेल. त्यांनी क्षणभर दोन्ही बाजू तोलल्या. दुष्ट ठरणं परवडलं, म्हातारं ठरणं नको.

त्यांनी मापाची पिन घेतली. तिचं जाड टोक प्राइमरच्या खळग्याच्या तोंडाशी अडलं तर काम चोख, आत गेलं तर पुंगळी बाद. पहिल्या पुंगळीत टोक अडलं. त्यांनी ती दोघांना दाखवली.

"बघ," ते म्हणाले. "आता ऐक. तुझा डबा मी..."

बोलता बोलता त्यांनी दुसरी घेतली. पिन अलगद आत गेली. बुडापर्यंत गेली.

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि तिसरी घेतली. तीतही गेली.

"माझा डबा काय, काका?" ईशानने विचारलं.

मीनाक्षीने ट्रे खाली ठेवला आणि स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. चंद्रशेखरनी चौथी पुंगळी उचलली, दिव्याखाली धरली, आणि पिनचं टोक खळग्यावर टेकवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.