सात नंबरची बस

सोमवारी सकाळी ठीक दहा वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलाने आपला कायदा, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरणावरचा प्रबंध वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी उभी हयात छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात घालवली होती. आता ते रोज दुपारी सात नंबरच्या बसने शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात जात आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोला चार घास भरवत. मुलगा महिन्यातून एकदा जाई, तोही मोटारीने.

“बाबा, फक्त शुद्धलेखन बघा हं, वाद नको. उद्या परिवहन मंडळाकडे द्यायचाय.”

“वाद घालायला आधी कळायला तर हवं!” लाल पेन उघडत ते हसले.

शेवटच्या पानावर मात्र ते थबकले. तिथे लिहिले होते: ‘सात क्रमांकाची बस चालवण्याचे कायदेशीर बंधन मंडळावर नाही. तिचे प्रवासी बहुतांशी निवृत्त असल्याने त्यांच्या वेळेचे मूल्य शून्य धरले आहे. सबब ही बस बंद करावी.’

“काय बाबा, सापडली का एखादी चूक?”

वडिलांनी घड्याळ पाहिले, पेनाला टोपण लावले आणि जेवणाचा डबा पिशवीत ठेवला.


“नाही रे. एकही चूक नाही.”