एकटीने उठवायचं असेल तर

"आणि घरात दुसरं कोणी नसेल तर?"

मुलीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. सोमवारी विचारला होता, मंगळवारी विचारला होता. दोन्ही वेळा सिस्टरनी तेच उत्तर दिलं होतं, "जमिनीवर पडलेल्या माणसाचं गुरुवारी शिकवणार. घाई काय आहे तुला?" आज गुरुवार होता.

हिवाळी सत्राचा आठवडा. शाळेचे नेहमीचे तास बंद आणि प्रत्येकाने हाताने करायचं एखादं काम निवडायचं. शेजारच्या खोलीत मुलं स्टुलं ठोकत होती. खालच्या मजल्यावरून भाजलेल्या पावाचा वास येत होता. या खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, चौदा विद्यार्थी आणि हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर. विषय होता घरच्या आजारी माणसाची काळजी.

सिस्टर बाहेरून शिकवायला आल्या होत्या. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती. हिचं तेवढं राहिलं होतं, कारण यादीत एक नाव खोडून वर हिचं हाताने लिहिलेलं होतं. एकदा केलेली निवड बदलता येणार नाही, असं त्याच कागदावर ठळक छापलं होतं. तरी ऑफिसने बदलून दिली होती. ही पावाचा वर्ग सोडून इकडे आली होती आणि कुणीतरी कुरकुर न करता आपली जागा हिला दिली होती.

आणखी एक गोष्ट सिस्टरना खटकत होती. बाकीची पोरं एकमेकांची मनसोक्त खेचत. हिची कोणी खेचत नसे. ती बोलायला लागली की वर्ग गप्प व्हायचा. शिष्ट असेल, असं म्हणून सिस्टरनी विषय सोडला होता.

"चला, मी पडले," म्हणत त्या सरळ फरशीवर आडव्या झाल्या. "बहात्तर किलो, वर स्वेटर. कोण उठवतंय?"

लंबू पुढे आला. वर्गात सगळ्यांत उंच तोच. त्याने सिस्टरच्या काखेत हात घातले आणि ओढलं.

"अरे, सोफा सरकवतोयस का? माझा खांदा निखळला, तुझी कंबर गेली. आता पेशंट दोन झाले. त्यांना कोण उठवणार?"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने स्वतःची कोपरं घट्ट धरली होती.

मग सिस्टरनी पडल्यापडल्या शिकवलं. माणसाला उचलायचं नाही, त्याचं त्याला उठू द्यायचं. आधी कुशीवर वळवायचं, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर. समोर खुर्ची ठेवायची, तिचा आधार घेऊन एक पाऊल रोवायला लावायचं. पाठीमागे दुसरी खुर्ची सरकवायची. लंबूने तसं केलं आणि सिस्टर खुर्चीत बसल्या. टाळ्या पडल्या.

"एकट्याने केलं! चार मिनिटांत!" लंबू ओरडला.

"चार?" मुलीने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

लंबूचं हसू मावळलं. "म्हणजे... बरंचसं सिस्टरनीच केलं," तो पुटपुटला आणि मागे जाऊन उभा राहिला.

"मी करते," मुलगी म्हणाली. "पण तुमची डावी बाजू चालत नाही. हात नाही, पाय नाही. बोलताही येत नाही. आणि घरात दुसरं कोणी नाही."

"बऱ्याच अटी घातल्यास गं बाई," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. त्यांनी डावं अंग सैल सोडलं.

मुलीची एकही पायरी चुकली नाही. उजव्या कुशीवर वळवलं. कोपरावर आणलं. डावा गुडघा घसरला आणि सिस्टर खाली आल्या. तिने खुर्ची जवळ ओढली, पुन्हा केलं. पुन्हा गुडघा घसरला. तिसऱ्यांदा ती स्वतःच सिस्टरच्या शेजारी कोलमडली. मुलं सहसा दोनदा जमलं नाही की हसून सोडून देतात. ही धापा टाकत विचारत होती, "आता काय राहिलं? आणखी काय करता येतं?"

"काही नाही. असा माणूस एकटीला उठवता येत नाही."

"खुर्ची दुसऱ्या बाजूने लावली तर?"

"नाही."

"माझ्यात जास्त ताकद असती तर?"

"नाही गं. तीस वर्षं हेच काम केलंय मी. माझ्याच्यानेही झालं नसतं." सिस्टर अजून फरशीवरच होत्या. "अशा वेळी ओढायचंच नाही. आधी फोन करायचा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, अंगावर पांघरूण घालायचं आणि मदत येईपर्यंत जवळ बसायचं. एकटीच्या हातात तेवढंच असतं."

"नक्की?"

"नक्की."

मुलीचा तळहात सिस्टरच्या डोक्याखाली होता. तो तिथे कधी आला, सिस्टरना कळलंच नव्हतं. मागे बाकीच्या तेरांपैकी कोणी हलत नव्हतं. लंबू खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"मग मी आईला उशी दिली आणि शेवटपर्यंत जवळ बसले," मुलगी म्हणाली, "ते बरोबर केलं ना, सिस्टर?"