गप्पांचा रकाना

डॉक्टरांच्या टेबलाशेजारी स्टुलावर सेजल टॅब घेऊन बसली होती. महाडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी कॉम्प्युटरवरचा केसपेपर बनवायचा, तर आधी त्यांचं काम नीट बघायला हवं. म्हणून तीन दिवस ती नुसती बघत होती आणि टिपत होती.

दाराजवळच्या बाकावरून रेश्मा त्या दोघांना बघत होती. मांडीवर आठ महिन्यांची लेक. कालपासूनचा ताप.

"आज मुक्काम कुठं, बाबा?" डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता भिकाजींना विचारलं.

"दासगावला, घरीच. या वयात मला दुसरं कोण ठेवून घेतंय?"

डॉक्टर हसले. "मग उद्या सकाळी परत दाखवा."

भिकाजी गेल्यावर सेजल म्हणाली, "सर, हे तुम्ही सगळ्यांनाच विचारता. पत्ता तर कागदावर असतोच. मी हे 'गप्पा'च्या रकान्यात टाकलंय. स्क्रीनवर पत्ता दिसला की तेवढा वेळ वाचेल तुमचा."

"बघा," डॉक्टर म्हणाले. "पुढचे कोण?"

रेश्मानं केसपेपर पुढे केला. त्यावर महाडचा पत्ता होता, नणंदेचा. आपलं गाव पोलादपूर तालुक्यातलं आहे असं सांगितलं तर तिकडच्याच दवाखान्यात पाठवतील, म्हणून तिनं खिडकीवर तोच दिला होता.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. "छाती साफ आहे. दूध पिते?"

"कमी झालंय."

"औषध देतो. रात्री ताप चढला किंवा दूध सोडलं, तर लगेच घेऊन या." त्यांनी कागदावर 'घरी' लिहिलं. मग मान वर केली. "आज मुक्काम कुठं, ताई?"

सेजलचं बोट टॅबवर 'गप्पा' सोडून पुढच्या रकान्यावर सरकलं होतं.

महाडलाच, असं म्हणायला रेश्मानं तोंड उघडलं. बाळाचा तापलेला पाय तिच्या मुठीला चटके देत होता.

"तो पत्ता नणंदेचा आहे, डॉक्टर. आम्ही कापड्याच्या वरच्या वाडीवर राहतो. गाडी खालीच सोडते, पुढं पाऊण तास चढ. रात्री हिला घेऊन उतरणार कशी?" तिनं बाळाला जवळ ओढलं. "पोलादपूरला नका पाठवू."

"कोण पाठवतंय?" डॉक्टरांनी 'घरी' खोडून 'भरती' लिहिलं. "सिस्टर, यांना खाट द्या."

सेजलनं 'गप्पा' पुसलं. नवा रकाना आखला आणि नाव न देताच त्याकडे बघत राहिली.

दारातून कमळाबाई काठी टेकत आत आल्या. डॉक्टर हात धूत होते.

"बसा, आजी," सेजल म्हणाली. "आज मुक्काम कुठं?"