फिनलंडची पोच

"फिनलंड?" सामंतसाहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "तांडेलकाका, फिनलंडात आपलं आहे कोण?"

"कुणी नाही, साहेब."

"मग तिथून सदतीस पत्रं?"

उत्तम तांडेलांनी यादीतला आकडा पुन्हा एकदा पाहिला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या स्प्रिंगांच्या कारखान्यात ईमेल येऊन आठ महिने झाले होते. परदेशी ऑर्डरींसाठी घेतलेलं कनेक्शन. ऑर्डरी थोड्या आल्या, कचरा रग्गड. केस उगवायचं तेल, घरबसल्या श्रीमंत व्हायची युक्ती, परीक्षेशिवाय पदवी. कुठल्या देशातून किती कचरा येतो, याची यादी साहेबांनी मागितली होती. तांडेलांनी ती पट्टीने रेघा मारून करून दिली होती. पत्त्याच्या शेपटातल्या दोन अक्षरांवरून देश ओळखायला टायपिस्ट शीलाने त्यांना शिकवलं होतं. शेपूट नसलं तर अमेरिका धरायची.

"अमेरिका दोनशे बारा. तिथं आपलं गिऱ्हाईक आहे, तिला हात लावता येत नाही. पण शीला, फिनलंडचं आलं की न उघडता उडवायचं. आजपासून." साहेबांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. "आणि हे काय? पोच दिली, पोच दिली, पोच दिली?"

"पोच, साहेब."

"कचऱ्याला पोच?"

तांडेलांचे कान तापले. एकतीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का, नंबर, तारीख. आणि पाठवणाऱ्याला दोन ओळी. आपले पत्र मिळाले, संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवले आहे. ईमेल आलं म्हणून त्यांनी रीत बदलली नव्हती. खरं म्हणजे बदलायची भीती वाटत होती. आपलं इंग्रजी ते केवढं! तेलवाल्याचंही काही महत्त्वाचं काम असलं तर?

शीलाने मान खाली घातली. पोच तीच टाइप करत होती.

"अहो काका, उत्तर गेलं की त्यांना कळतं, इथं माणूस बसलाय! म्हणून तर आणखी येतंय." साहेब रागावले नव्हते, त्यामुळे तांडेलांना जास्तच लागलं. "असं करा, सोमवारपासून स्टोअरला बसा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आराम करा. हे टेबल काढूनच टाकू."

तांडेलांनी होकारार्थी मान हलवली. टेबलाच्या कोपऱ्यात शिक्क्याच्या पॅडचा जांभळा डाग पडला होता. कितीही पुसला तरी तो गेला नव्हता. त्यावर त्यांनी उगाच हात फिरवला.

"आलं बघा साहेब," शीला कॉम्प्युटरवरून म्हणाली. "आणखी एक फिनलंड."

"उडव."

"थांब गं!"

स्वतःच्या आवाजाने तांडेलच दचकले. साहेबांसमोर एवढ्या मोठ्याने ते कधी बोलले नव्हते.

"म्हणजे... टाकायचं तर टाक. पण आधी नंबर पडू दे. आमची आई चेंदणीच्या खाडीत चिखलातले निवट्या मासे धरायची, साहेब. ती म्हणायची, चिखल फेकायचा तो बोटांनी चाचपून फेकावा. वरून सगळा चिखलच दिसतो."

साहेबांना हसू आलं. "पाडा. शेवटचा नंबर पाडून घ्या."

प्रिंटर करकरला. तांडेलांनी कागदावर शिक्का मारला, नंबर घातला, रजिस्टर पुढे ओढलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "विषय?"

शीला भराभर मराठी करून सांगायला लागली आणि मग तिचा वेग कमी झाला.

"'तुमची सदतीस पत्रं मिळाली. मी मात्र तुम्हाला एकही पाठवलेलं नाही. कुणीतरी माझा पत्ता घालून जगभर जाहिराती धाडतोय. बोलणी मला बसतात. मी एकटी राहते, वेळ भरपूर आहे, म्हणून न मागितलेली पत्रं कुठल्या देशातून किती येतात याची मी यादी केली. पहिला नंबर भारताचा. सदतीसच्या सदतीस तुमची.'"

"घ्या!" साहेब टाळी वाजवून हसले. "आपण दुसऱ्यांचा कचरा मोजतोय, आणि पहिले आपणच!"

तांडेलांनी शिक्का बाजूला ठेवून पॅडच्या डबीचं झाकण लावलं. स्टोअरच बरं, त्यांना वाटलं.

"संपलं नाही, काका." शीलाने कागद जवळ धरला. "'बाकी सगळे शिव्या घालतात. आदराने लिहिणारे तुम्ही एकटेच. वर क्रमांक, तारीख. मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली, मला त्याची किंमत कळते. रोज सकाळी कॉफी घेऊन तुमचं काही आलंय का बघते. या आठवड्यात आलं नाही. आपली तब्येत बरी आहे ना? कृपया कळवावे.'"

पंख्याच्या वाऱ्याने यादीचा कोपरा फडफडत होता. साहेबांनी ती यादी उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

"टेबल राहू दे इथंच," ते दाराशी जाऊन म्हणाले. "आणि काका, बाईंना पोच द्या."

तांडेलांनी जावक रजिस्टर उघडलं.

"नेहमीचंच टाइप करू?" शीलाने विचारलं. "संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवले आहे?"

"नको." ते जरा लाजले. "लिही, तब्येत बरी आहे. आणि विचार, तिकडे थंडी फार आहे का?"

ठाण्याहून फिनलंडला अडतिसावं पत्र गेलं. बाईंना ते यादीत धरता येणार नव्हतं. ते त्यांनी मागितलेलं होतं.